लक्षण एकाचं, आजार दोघांचा

वऱ्हाडात 'उन्हाळी लागणे' असा एक शब्दप्रयोग आहे. लघवीला जळजळ होते, थेंब थेंब होते, पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं, की माणूस म्हणतो, उन्हाळी लागली. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, अमरावतीही फार मागे नसते. दिवसभर उन्हात हिंडलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या माणसाला अशी जळजळ खरोखरच होते. मग घरात धने-जिऱ्याचं पाणी होतं, सब्जा भिजत पडतो, ताकाचा तांब्या येतो आणि दोन दिवसांत माणूस कामाला लागतो. शब्द खोटा नाही. पण तो इतका सोयीचा आहे की त्याच्या सावलीला दुसरीच दुखणी वर्षानुवर्षं बसून राहतात. ऐन थंडीत जळजळ झाली तरी आमच्याकडे उन्हाळीच लागते!

आमच्या घरांत उर्दू बोलली जाते. तिथे हेच 'गर्मी हो गई' होतं. योगायोग असा की जुन्या मराठीत उपदंशाला, म्हणजे सिफिलिसला, 'गरमी' म्हणत आणि गोनोरियाला 'परमा'. म्हणजे ज्या शब्दाने आपण उन्हाला दोष देतो, तोच शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत एका रोगाचं नाव होता. नाव मागे पडलं, रोग राहिला.

हा विषय वार्षिकाच्या पानांवर कशाला, असं काही वाचकांना वाटेल. मलाही लिहायला बसण्याआधी दोन-तीन जणींनी तसं विचारलं. 'बाजी, और कोई मौजू नहीं मिला?' मिळाले असते. पण या विषयावर बोललं न गेल्यामुळे माझ्या घरातल्या एका मुलीचं आयुष्य कसं वळलं, ते मी जवळून पाहिलं आहे. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या परवानगीने, नावं न सांगता, ते इथे मांडते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याचं. अकोल्यात मुलींच्या एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. २०१८ साली दहावीचं नवं पुस्तक आलं. त्यात प्रजननाच्या धड्याच्या शेवटाकडे लैंगिक आरोग्यावर थोडा मजकूर आहे आणि त्यात सिफिलिस व गोनोरिया या दोन रोगांची नावं लक्षणांसह दिली आहेत. हा भाग आला की वर्गातल्या मुली वहीत मान घालत. मी तो कधी गाळला नाही. मुलींनी तो पाठही केला, परीक्षेत लिहिलाही. पण पुस्तकात लक्षण लिहिलेलं असणं आणि ते आपल्या किंवा आपल्या माणसाच्या अंगावर ओळखू येणं यांत फार अंतर असतं. त्या अंतरात बरंच काही घडतं.

मुलांच्या वाट्याला तर याहून वाईट शिक्षक येतात. बसस्टँडमागच्या, रेल्वेच्या कडेच्या भिंती आठवून पाहा. 'कमजोरी', 'धात', 'गुप्तरोग', 'शर्तिया इलाज' आणि खाली कुठल्याशा लॉजचा पत्ता, अमुक वारी भेटण्याची वेळ. वयात आलेल्या मुलाला झोपेत होणारा स्राव हा आजारच नव्हे. पण भिंतीवरचा 'हकीम' त्याला त्याचीच भीती घालतो आणि त्याच्या खिशातले पैसे काढून घेतो. उलट ज्याला खरोखर पू येतो, जखम होते, तो मुलगा गप्प बसतो. जो आजार नाही त्याची दहशत आणि जो आहे त्याच्याविषयी बेफिकिरी, असा हा उलटा कारभार आहे.

माझ्या आपाची मुलगी अमरावतीची. तिला अकोल्याला दिलं. मुलगा कष्टाळू, नमाजी, बोलायला मऊ. लग्नाआधी चार वर्षं भिवंडीला पॉवरलूमवर होता, मग परत येऊन इथेच दुकान टाकलं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नाही. पहिली दोन वर्षं 'अल्लाह देईल' म्हणण्यात गेली. पुढची दोन ताईत, दर्ग्यावरची मन्नत आणि कुठल्या कुठल्या पुड्या यांत गेली. त्यानंतर सासूच्या तोंडी दुसऱ्या निकाहची भाषा येऊ लागली. भांडून नव्हे, सहज, भाजी निवडता निवडता. त्यामुळेच ती जास्त लागायची. माझी भाची महिन्याच्या महिन्याला खंगत होती.

एका डॉक्टरीणबाईंनी दोघांच्याही तपासण्या करायला लावल्या. भाचीचा एक एक्स-रे काढला. गर्भाशयात औषध सोडून तो काढतात, त्याला एचएसजी म्हणतात. दोन्ही गर्भनलिका बंद होत्या. आपल्या देशात नलिका बंद होण्याचं एक मोठं कारण क्षयरोग आहे. डॉक्टरीणबाईंनी आधी तो तपासला. तो निघाला नाही. मग त्यांनी नवऱ्याला एकट्याला बोलावलं आणि शांतपणे विचारलं, 'लग्नाआधी कधी जळजळ, पू, असं काही झालं होतं का?'

झालं होतं. लग्नाच्या चार महिने आधी. लघवीला सुई टोचल्यासारखी आग, पिवळा पू, कपड्याला डाग. त्याने कारखान्यातल्या एका मोठ्या माणसाला सांगितलं. त्या माणसाने एका झोलाछाप डॉक्टरकडे नेलं आणि वर बजावलं, 'किसी को बोलना मत.' एक इंजेक्शन, चार गोळ्या. तीन-चार दिवसांत पू थांबला. थांबला म्हणजे बरं झालं, असं त्याने धरलं. लग्नानंतर कधीमधी सकाळी एखादा थेंब दिसायचा, किंचित जळजळ व्हायची. ते दिवस उन्हाळ्याचे होते. त्याने सब्जा घेतला.

डॉक्टरीणबाईंनी खात्री म्हणून नव्हे, दाट शक्यता म्हणून सांगितलं की ही जुनी लागण त्याच्याकडून तिला झाली असावी, आणि आत धुमसत राहून तिने नलिका बंद केल्या असाव्यात. गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे दोन जंतू पुष्कळदा एकत्र येतात. एकाचं औषध दुसऱ्याला पुरं पडत नाही. शिवाय गोनोरियाच्या जंतूने पेनिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी जुनी औषधं केव्हाच निकामी केली आहेत. अर्धवट इंजेक्शनाने पू आटतो, जंतू मात्र राहू शकतो.

त्या रात्री भाची माझ्याकडे आली. रडली नाही. फक्त एवढंच म्हणाली, 'खाला, मुझे तो कभी कुछ हुआ ही नहीं. न जलन, न दर्द. मैं क्या पहचानती?'

या प्रश्नाचं उत्तर मी पुढे बराच काळ शोधत राहिले. वाचलं, डॉक्टरांना विचारलं. उत्तर असं, की तिला ओळखता येणं जवळजवळ शक्यच नव्हतं. गोनोरिया झालेल्या पुरुषाला बहुतेक वेळा लागण झाल्यापासून दोन ते पाच दिवसांत, कधी दोनेक आठवड्यांत, आग आणि पू दिसतो. त्याच रोगात सुमारे निम्म्या स्त्रियांना काहीच जाणवत नाही. क्लॅमिडियात तर बहुतांश स्त्रियांना आणि निम्म्याच्या आसपास पुरुषांनाही लक्षण दिसत नाही. स्त्रीच्या शरीराची रचनाच अशी की लागण आत, गर्भाशयाच्या मुखाशी होते. तिथे दिसत नाही आणि दुखतही नाही. ती वर चढते, नलिकांना सूज येते, तेव्हा कुठे ओटीपोटात दुखायला लागतं. तेही सगळ्यांना नाही.

म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीत धोक्याची पहिली घंटा पुष्कळदा पुरुषाच्या शरीरात वाजते. लक्षण त्याच्या अंगावर, नुकसान तिच्या पोटात. त्याने ते लपवलं तर तिच्याकडे ओळखायला काही उरतच नाही. 'लवकर ओळखा' असं आपण पोस्टरवर लिहितो, पण इथे ओळखणं हे एकट्याचं काम नाही. एकाने पाहायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, तेव्हा ते पुरं होतं.

लक्षणं कोणती, ते आता सरळ सांगते. पुरुषाला लघवीच्या जागेतून पू किंवा पांढरा-पिवळा स्राव येणं, लघवीला आग होणं, अंडकोषाला सूज किंवा दुखणं. उन्हाळी आणि लागण यांत घरच्या घरी करता येण्यासारखा एक फरक आहे. उन्हाची जळजळ पाणी भरपूर प्यायल्यावर एक-दोन दिवसांत जाते आणि कपड्याला डाग पडत नाही. डाग पडला, स्राव दिसला किंवा जळजळ दोन दिवसांच्या वर राहिली, तर ती उन्हाळी नाही, डॉक्टरकडे जायचं. मूतखड्यानेही आग होते, मधुमेहातही लघवीचा त्रास होतो. कोणतं कारण, ते तपासणीने ठरतं, सब्जाने नाही.

दुसरं लक्षण जखम. आणि इथे आपली सगळ्यांत मोठी फसगत होते, कारण दुखतं तेच गंभीर असं आपण मानतो. सिफिलिसची पहिली जखम बहुधा एकच असते, कडांना टणक आणि दुखत नाही. लागण झाल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी उठते, पण दहा दिवसांपासून नव्वद दिवसांपर्यंत केव्हाही उठू शकते. औषध न घेताही ती तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. माणूस अल्लाहचे आभार मानतो. रोग मात्र रक्तात गेलेला असतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अंगावर पुरळ येतो, तळहात आणि तळपायांवरसुद्धा, आणि त्याला खाज नसते. तोही जातो. मग रोग वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि पुढे हृदय, मेंदू, डोळे यांच्यावर जातो. गरोदर बाईला असेल तर मूल पोटातच दगावू शकतं किंवा रोग घेऊन जन्माला येतं. आणि सुरुवातीच्या काळात याला पेनिसिलिनचं २४ लाख युनिटांचं एक दीर्घ परिणामी इंजेक्शन पुरतं. एका इंजेक्शनाचा रोग आणि त्यासाठी एवढी किंमत!

बारीक पाण्याचे फोड, घोळक्याने, आग होणारे, फुटून जाणारे आणि काही महिन्यांनी पुन्हा त्याच जागी येणारे, ते हर्पिसचे. तो विषाणू शरीरातून जात नाही, पण औषधाने त्रास आणि प्रसार दोन्ही कमी होतात. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे न दुखणारे मस उठले तर ते एचपीव्ही या विषाणूचे. जांघेत गाठ आली तर तीही दाखवायची. एचआयव्हीची सुरुवात साध्या तापासारखी असते किंवा काहीच नसतं. तो लक्षणांनी ओळखण्याचा रोग नाही, रक्त तपासूनच कळतो. आणि गुप्तांगावर उघडी जखम असली की एचआयव्हीला वाट सोपी होते, म्हणूनही जखम लहान समजू नये. खाज आली की मेडिकलमधून स्वतःच्या मनाने मलमाची ट्यूब आणायची आपल्याकडे सवय आहे. अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. खाज दबते आणि डॉक्टरला दिसायला हवं तेच झाकलं जातं.

आता बायकांचं. अंगावरून पांढरं जाणं हे आपल्या बायकांचं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत मुकं दुखणं. आमच्या शेजारच्या काकू म्हणायच्या, 'पांढरं जाते त कोनाले सांगावं बाई? सगळ्याइलेच जाते.' थोडा पारदर्शक, वास नसलेला स्राव, विशेषतः दोन पाळ्यांच्या मध्यावर, हा निसर्ग आहे, आजार नाही. पण रंग बदलला, वास येऊ लागला, खाज सुटली, शरीरसंबंधाच्या वेळी दुखलं किंवा नंतर रक्त दिसलं, ओटीपोटात दुखून ताप आला, तर ते दाखवायला हवं. दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव आणि खाज ही बहुधा बुरशीची, ती मधुमेहात किंवा अँटिबायोटिक्स घेतल्यावरही होते. पिवळसर-हिरवट, फेसाळ, वासाचा स्राव ट्रायकोमोनास नावाच्या जंतूचा असू शकतो, तो संबंधातून येतो.

हा फरक मी मुद्दाम लिहिते आहे. कारण अर्धवट माहितीही घरं मोडते. पांढरं गेलं की बाईवर संशय, जळजळ झाली की नवऱ्यावर संशय, असं होऊ लागलं तर लोक पुन्हा तोंड मिटतील. प्रत्येक स्राव म्हणजे बेइमानी नव्हे. आणि लागण खरोखर असली तरी ती कधीची, कुठून आली, हे नेहमी सांगता येत नाही, कारण ती कित्येक महिने शांत राहते. दवाखान्यात न्यायचं ते बरं करायला, पंचायत बसवायला नव्हे.

आपल्याच विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. निम्म्याहून थोड्या अधिक, ५५ टक्के बायकांनी आपणहून स्त्रीरोगाची तक्रार सांगितली होती. तपासल्यावर आजार निघाले ९२ टक्के बायकांमध्ये, एकेकीला सरासरी तीनहून अधिक. आणि यापूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. हे सगळे आजार संबंधातून आलेले नव्हते. पण जे सोसलं जात होतं आणि जे सांगितलं जात होतं, त्यांतली दरी त्या आकड्यांनी मोजून दाखवली. ती गावं आपली नव्हती, पण ती दरी आपल्या मोहल्ल्यांतही आहे.

आपल्या समाजाबद्दल दोन गोष्टी बोलायला हव्यात. पहिली तहारतची. शरीरातून बाहेर येणाऱ्या द्रवांविषयी इतकी बारकाईने बोलणारी परंपरा आपल्याकडे आहे. कशाने गुस्ल वाजिब होतो, कशाने फक्त वुजू जातो, हैज कुठे संपतो आणि इस्तिहाजा कुठून सुरू होतो, हे आपल्या मुलींना लहानपणी शिकवतात. मौलाना अश्रफ अली थानवींचं 'बहिश्ती जेवर' लेकीच्या जहेजमध्ये देण्याची रीत कित्येक घरांत होती, आणि त्यात हे मसले खुलेपणाने आहेत. म्हणजे शब्द आपल्याकडे आहेत. नमाजसाठी कपड्याचा डाग पाहण्याची सवयही आहे. फक्त प्रश्न एकच विचारला जातो, या डागाने नमाज होईल का? त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवायचा आहे, हा डाग आजाराचा तर नाही ना? उम्मे सुलैम यांनी पैगंबरांना (स.) स्त्रीच्या गुस्लविषयी थेट सवाल केला, तोही सत्य विचारायला शरम नको असं आधी म्हणून. अन्सारी स्त्रियांची हया त्यांना असं विचारण्याच्या आड आली नाही, याची तारीफ हजरत आयशांनी केल्याचं हदीसमध्ये आहे. हया आणि गप्प बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बायकांना कळत होतं.

दुसरी गोष्ट खतन्याची. 'आपल्यात खतना होतो, आपल्याला हे रोग होत नाहीत,' हे वाक्य मी शिकलेल्या पुरुषांच्या तोंडून ऐकलं आहे. यात एक अंश खरा आहे आणि तोच घातक ठरतो. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा या तीन देशांतल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००५ ते २००७ या काळात आले. खतना केलेल्या पुरुषाला स्त्रीकडून एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतो, असं त्यांत दिसलं. साठ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे. गोनोरिया आणि क्लॅमिडियापासून तर असं संरक्षण दिसलंच नाही. आणि बायकोचं काय? आधीच एचआयव्ही असलेल्या पुरुषांचा खतना केल्याने त्यांच्या बायकांना संरक्षण मिळाल्याचं युगांडातल्या २००९ च्या अभ्यासात दिसलं नाही. माझ्या भाचीच्या नवऱ्याचा खतना झालेलाच होता.

मराठीत या विषयावर कोणी बोललं नाही असं मात्र नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, ते १९५३ पर्यंत, आपल्या अखेरपर्यंत. संततिनियमनाबरोबर गुप्तरोगांवरही ते लिहीत. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांतल्या १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. नव्वद वर्षांपूर्वी हे मराठीत छापलं जात होतं. आज आपण घरात कुजबुजत का होईना, बोलायला काय हरकत आहे?

कोढाचं, म्हणजे कुष्ठरोगाचं उदाहरण तर आमच्या अमरावतीच्या दाराशी आहे. तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी ज्यांना घरच्यांनी टाकलं होतं अशांना जवळ केलं. पुढे सरकारी प्रचाराने खेड्यापाड्यांतल्या माणसालाही एक गोष्ट शिकवली, बधिर चट्टा दिसला की दाखवायचा. न दुखणारा चट्टा हे धोक्याचं लक्षण असतं, हे वऱ्हाड शिकला. मग न दुखणारी जखम हेही धोक्याचं लक्षण असतं, हे तो शिकणार नाही असं कसं म्हणता येईल?

जायचं कुठे, हा प्रश्न उरतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ नंतर, सरकारी रुग्णालयांत या आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' या नावाची केंद्रं उभी राहिली. लक्षणांप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची औषधांची पाकिटं तयार केली गेली. स्रावाच्या राखाडी पाकिटात दोन औषधं एकत्र होती, ती याच कारणासाठी की गोनोरिया आणि क्लॅमिडिया जोडीने येतात. अमरावतीला इर्विन आणि बायकांसाठी डफरीन, अकोल्याला सर्वोपचार आणि लेडी हार्डिंग, ही रुग्णालयं आपल्याला बाळंतपणासाठी आणि अपघातासाठी ठाऊक आहेत, यासाठीही ठाऊक असावीत. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे आणि २०१७ च्या कायद्याने, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, ती संमतीशिवाय करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो. कुणाला तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगता विचारता येतं.

उपचाराचे नियम थोडेच आहेत. औषध नवरा-बायको दोघांनी घ्यायचं, एकाला लक्षण नसलं तरी. एकाने घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर रोग घरातल्या घरात फिरत राहतो. औषध पुरं घ्यायचं. एकाच डोसाचं असलं तरी पुढचे सात दिवस संबंध ठेवायचा नाही. डॉक्टरांनी बोलावलं तर पुन्हा तपासून घ्यायचं. बायको गरोदर असेल तर सुरुवातीलाच रक्ताच्या तपासण्यांत सिफिलिस आणि एचआयव्ही या दोन्ही झाल्या आहेत का, ते कार्डावर पाहायचं.

माझ्या भाचीला मूल झालं नाही. टेस्ट ट्यूब बेबीचा खर्च त्यांना झेपला नाही. पण एक गोष्ट घडली. दुसऱ्या निकाहची बोलणी पुन्हा निघाली तेव्हा तिचा नवरा आईसमोर बसला आणि म्हणाला, 'अम्मी, इस में इसकी कोई ख़ता नहीं. बीमारी मेरी थी.' मोठा आवाज नाही, लांबण नाही. सासूने त्यानंतर तो विषय काढला नाही. भाची सांगते, की सहा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात तिला मान वर करून चहा पिता आला. हेच वाक्य त्याने लग्नाच्या पहिल्या महिन्यात डॉक्टरसमोर उच्चारलं असतं, तर त्या नलिका कदाचित वाचल्या असत्या. तो वाईट माणूस नाही. 'किसी को बोलना मत' हा सल्ला ज्याने दिला तोही त्याचं वाईट चिंतणारा नव्हता. त्या दोघांना एवढंच ठाऊक होतं, की लाज वाचवायची असते.

आता आमच्या घरात निकाह ठरला की महेर, कपडे, जेवणाचा मेन्यू यांच्याबरोबर एक बोलणं मी करून घेते. मुलीशी मी स्वतः बोलते, मुलाशी माझे यजमान. मुलाला सांगितलं जातं, की मागे काय झालं ते आम्हाला सांगायची गरज नाही, पण कधी जळजळ, पू, जखम झाली असेल, मग ती थांबलेली का असेना, तर निकाहच्या आधी डॉक्टरकडे जाऊन ये. आणि नंतर काही दिसलं तर पहिल्यांदा बायकोला सांग, मग दोघं मिळून जा. सुरुवातीला मुलं खाली पाहतात. दोघांनी नंतर येऊन यजमानांना हळूच विचारलं, 'मामू, कौन से डॉक्टर के पास जाना?'

पत्ता आम्ही दिला. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.